आज तसे आलेत

मराठीत ‘टाईट’ हा शब्द दिवसभरात नाना कामांना लागतो. शिवून आणलेला ब्लाउज टाईट होतो, बरणीचं झाकण टाईट बसतं, मंत्री येणार म्हटलं की बंदोबस्त टाईट होतो, आणि महिनाअखेरीला ‘सध्या जरा टाईट आहे’ एवढं म्हटलं की वाणी काय ते समजून घेतो. याच ओळीत ‘काल तो फुल टाईट होता’ हेही वाक्य येऊन बसतं आणि ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही. शाळेची पायरी न चढलेली माणसंही हा शब्द या अर्थाने बिनचूक वापरतात. दारूच्या बाबतीत आपल्याकडे शब्दांची वानवा होती असं मुळीच नाही. झिंगणं आहे, तर्र होणं आहे, धुंद होणं आहे, मुंबईकडे टल्ली आणि टुन्न आहे. तरी या परक्या शब्दाला आपण घरात घेतलं आणि तो घरचाच झाला.

माझी नोकरी सरकारी रुग्णालयात झाली, त्यातली बरीच वर्षं अपघात विभागात, रात्रपाळीला. त्यामुळे हा शब्द मी फार ऐकला. ऐकता ऐकता तो कोण म्हणतं आणि कोण कधीच म्हणत नाही, याकडे माझं लक्ष जाऊ लागलं. शब्द एकाच अवस्थेचे, पण बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ते बदलतात, हे मला तिथे उमगलं, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

इंग्रजीत ‘टाईट’ला हा अर्थ १८३० च्या सुमाराला चिकटला. पुढच्या शंभर वर्षांत तो चांगल्या घरांतल्या दिवाणखान्यात चालणारा शब्द झाला. वुडहाउसच्या कथांतले खुशालचेंडू तरुण तो सहज बोलून जातात. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या ‘द सन ऑल्सो रायझेस’ या १९२६ च्या कादंबरीत तर पॅरिसमध्ये आणि पुढे स्पेनच्या पाम्प्लोना गावातल्या बैलांच्या उत्सवात भटकणारी मंडळी एकमेकांविषयी आणि स्वतःविषयी हाच शब्द सारखा वापरतात. त्यांत बाईही आहे. हेमिंग्वेच्या स्वतःच्या देशात, अमेरिकेत, त्या वेळी दारूबंदी होती. १९२० पासून १९३३ पर्यंत ती चालली. आज इंग्लंड-अमेरिकेत या अर्थाचा ‘टाईट’ जुनाट झाला आहे, तरुण पोरं तो बोलत नाहीत. आपल्याकडे मात्र कल्याणपासून नागपूरपर्यंत तो ताजा आहे.

त्याहून जुनी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १७३७ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या वर्तमानपत्रात प्यायलेल्या माणसासाठी लोक वापरतात त्या शब्दांची आणि वाक्प्रचारांची यादी छापली. दोनशेच्या वर भरली ती. ‘टाईट’ तिच्यात नाही, तो अजून जन्मायचा होता. या यादीच्या आधी फ्रँकलिन एक विचार मांडतो. बाकीच्या दुर्गुणांना एखाद्या सद्गुणाचं नाव उसनं घेता येतं. लोभ स्वतःला दूरदर्शीपणा म्हणवून घेतो, उधळेपणा औदार्याचा आव आणतो. दारूच्या नशेशी मिळताजुळता एकही सद्गुण नाही. म्हणून बिचारीला आडवळणाने बोलावं लागतं, आणि आडवळणं वाढत जातात. याच फ्रँकलिनने त्याच्याही पंधरा वर्षं आधी, सोळा वर्षांचा पोरगा असताना, भावाच्या वर्तमानपत्रात एका विधवेच्या नावाने पत्रं लिहिली होती. त्यांतल्या एका पत्रात दारूबाजी आणि तिच्यावर पांघरूण घालणारे शब्द यांवर त्या विधवेने टीका केली आहे. मुलाला हे बोलायचं होतं आणि त्यासाठी त्याला बाईचा आवाज योग्य वाटला. त्याची ही निवड मला फार अचूक वाटते.

मराठीतली आडवळणं नामांपेक्षा क्रियापदांत जास्त आहेत. ‘बसायचं का आज?’ ‘तुम्ही घेता का?’ ‘लावून आलाय.’ ‘चढली.’ ‘उतरली.’ कर्म गाळलं की काम झालं. बसणं, घेणं, लावणं ही रोजची, सोवळी क्रियापदं. पाहुण्यासमोर, मुलांसमोर, आईसमोरसुद्धा बोलता येतात. ‘ते घेत नाहीत’ या वाक्याने लग्नाच्या बोलण्यांत केवढा दिलासा मिळतो! ‘थोडी घेतात, पण मर्यादेत’ या वाक्याने किती मुली दिल्या गेल्या असतील, आणि ती मर्यादा नेमकी कुणी मोजली होती, याचा विचार मी नेहमी करते.

आता ‘टाईट’कडे पाहा. तो बैठकीचा शब्द आहे, चार मित्रांच्या टेबलाचा. त्यात दूषण नाही, क्षमा आहे. ‘काल जाम टाईट झालो यार’ असं माणूस दुसऱ्या दिवशी सांगतो आणि ऐकणारे हसतात. या वाक्याचा काळ नीट पाहिला तर तो नेहमी भूतकाळ असतो. ‘मी आत्ता टाईट आहे’ असं त्या क्षणी म्हणणारा माणूस मला रात्रपाळीच्या एवढ्या वर्षांत फारसा भेटला नाही. त्या क्षणी तो म्हणतो, ‘मला चढलेली नाही.’ हे वाक्य मात्र वर्तमानकाळात असतं, आणि जितकी जास्त चढलेली तितकं ठासून येतं. टाईट ही अवस्था स्वतःच्या बाबतीत उतरल्यावरच ओळखता येते, किंवा मग ती दुसऱ्याची असावी लागते.

शरीरात तर घडतं ते या शब्दाच्या नेमकं उलट. आपल्या इथल्या व्हिस्की-रमच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल. निरोगी यकृताला तेवढं संपवायला तासभर किंवा थोडा जास्तच वेळ लागतो, आणि त्याला घाई करता येत नाही. लिंबू-सरबत, काळी कॉफी, डोक्यावर गार पाणी, यांतल्या कशानेही रक्तातली दारू लवकर उतरत नाही. तासात चार पेग घेतले तर तीन रक्तात फिरत राहतात. मेंदू आधी सैल सोडतो तो संकोच. मग जीभ, मग डोळ्यांचा नेम, आणि लहान मेंदूपर्यंत अंमल पोहोचला की चाल. गुडघे सुटतात, मान लुळी पडते, झोपेत जीभ मागे जाते, उलटी श्वासनलिकेत जाते. म्हणून अशा माणसाला उताणं न ठेवता कुशीवर वळवून ठेवायचं, हे आम्ही वॉर्डबॉयपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना सांगायचो. ज्या माणसाचा एकेक सांधा सैल पडला आहे त्याला जग टाईट म्हणतं.

खिशाप्रमाणे शब्द वाटले जातात, हेही तिथेच दिसलं. पुण्या-मुंबईच्या पबमधून पडून आलेली मुलगी ‘थोडी टिप्सी’ असते. परमिट रूममधून निघून दुचाकीवरून घसरलेला ‘टाईट’ असतो. देशीच्या दुकानासमोर पडलेला ‘बेवडा’. पहिल्या दोन शब्दांत एका रात्रीची अवस्था आहे, तिसऱ्यात माणसाची जात ठरवून टाकली आहे. तिघांच्या रक्ताची नळी एकाच रॅकमध्ये उभी असते. त्या नळ्यांवर नुसते नंबर असतात, आणि मला ते फार न्याय्य वाटायचं.

पण ज्या शब्दासाठी मी हे सगळं लिहिते आहे तो रुग्णालयातला नाही. माझं लहानपण गिरणगावात गेलं, परळच्या चाळीत. आमच्या मजल्यावर एक गिरणी कामगार राहायचे, साचेखात्यात होते. सकाळी नळावर आम्हा पोरींच्या बादल्या भरून देणारे, गणपतीत मखर करणारे, मोठ्याने कधी न बोलणारे गृहस्थ. पगाराच्या दिवशी आणि त्यानंतरचे काही दिवस ते पिऊन यायचे. मजल्यावरचे पुरुष म्हणायचे, ‘टाईट होतो कधीमधी, पण माणूस सोन्यासारखा.’ त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी नळावर ते खरोखरच सोन्यासारखे होते.

त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. तशा संध्याकाळी ती आमच्या दाराशी यायची ती हातात रॉकेलचा डबा घेऊन. ‘काकू, हा राहू दे आज तुमच्याकडे. बाबा आज तसे आलेत.’ माझी आई काही विचारायची नाही. डबा घ्यायची, मोरीच्या कोपऱ्यात ठेवायची आणि म्हणायची, ‘बस, जेवून घे.’ मुलीच्या मागे तिच्या आईने आणखी काय काय केलेलं असायचं ते मला पुढे तिच्याकडूनच कळलं. स्टोव्ह विझवून पलंगाखाली सरकवायची. विळी माळ्यावर ठेवायची. काचेचे पेले पितळेच्या डब्यात घालून झाकण लावायची. धाकट्याला मागच्या खोलीतल्या आजीबाईंकडे झोपायला पाठवायची. हे सगळं, लाकडी जिन्यावर पहिलं पाऊल वाजल्यापासून तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंतच्या वेळात. पाऊल कसं पडतंय त्यावरून जिना चढणारा कसा आला आहे ते तिला ओळखता यायचं. एका पायरीवर दोन पावलं वाजली की तिचे हात चालायला लागायचे. दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी डबा परत नेला जायचा, आणि नेणारीने किंवा देणारीने त्यावर चकार शब्द काढायचा नाही, अशी जणू रीतच होती.

‘तसे.’ एवढाच शब्द होता त्या घरात. पुरुषांच्या बैठकीत या अवस्थेला वीस-पंचवीस नावं होती आणि घरात एकही नव्हतं. ‘तसे’ म्हणजे कसे, हे ज्यांना ठाऊक त्यांनाच ठाऊक, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगण्याची सोय नाही. तरी व्याकरण बघा. नाव गळालं, पण आदरार्थी बहुवचन गळालं नाही. ‘तसे आलेत.’ ज्या माणसाच्या हाती लागू नये म्हणून रॉकेल शेजारी ठेवायचं त्याच्याविषयीही अहो-जाहो. हा मान भीतीचा होता असं मी म्हणणार नाही. त्या मुलीचं बाबांवर मनापासून प्रेम होतं आणि बाबांचंही तिच्यावर होतं. म्हणूनच कदाचित तिला टाईट, बेवडा, दारुडा यांतलं काहीही म्हणता येत नव्हतं. ते सगळे शब्द बाबांना चिकटले असते. ‘तसे’ हा शब्द चिकटत नाही. सकाळी बाबा ‘असे’ झाले की ‘तसे’ आपोआप पुसलं जातं.

पुढे नोकरीत कितीतरी बायकांच्या तोंडून मी हे ऐकलं. विदर्भातल्या, कोकणातल्या, मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेल्या. ‘सुरू झालंय पुन्हा त्यांचं.’ ‘आज ठीक नव्हते.’ ‘ते त्यांच्यात नसतात तेव्हा.’ हे शेवटचं एका म्हातारीचं, मुलाविषयीचं. नाव नाही घेतलं कुणी.

मराठी वाचकाला या जागी ‘एकच प्याला’ आठवणारच. राम गणेश गडकऱ्यांचं हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. सिंधू होते बालगंधर्व. त्या नाटकात दोन भाषा आहेत. एक तळीरामाच्या ‘आर्य मदिरा मंडळा’ची. कोट्या, युक्तिवाद, वाक्यावाक्याला हशा. दुसरी सिंधूची, दळण दळणाऱ्या, जवळजवळ तक्रारच न करणाऱ्या बाईची. गडकऱ्यांनी दोन्ही भाषा एका छपराखाली आणल्या आणि पहिलीचा हिशेब दुसरीत चुकता केला. तळीराम मरतो, सिंधूचा नवरा सुधाकर बुडतो, पाळण्यातलं मूल जातं, सिंधू जाते. पण शंभर वर्षांनी भाषेत काय उरलं ते पाहा. दर ३१ डिसेंबरला आपली वर्तमानपत्रं छापतात, ‘तळीरामांवर पोलिसांची करडी नजर’, ‘तळीरामांची झिंग उतरवली’. तळीराम सामान्यनाम झाला, तोही लाडिक. सिंधूचं सामान्यनाम झालं नाही. नशेत गाडी चालवून दुसऱ्याचा जीव घेऊ शकणाऱ्या माणसाला हसत हसत तळीराम म्हणणं मला बोचतं. बातमीदारांनी हा शब्द आता टाकून द्यावा असं मला मनापासून वाटतं.

कायद्याची भाषा वेगळी. आपल्याकडे मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. तो महाराष्ट्राच्या नावाने अजूनही चालू आहे. दारू पिण्याला परवाना लागतो तो त्यामुळेच, आणि बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं तेही त्यामुळेच. रात्री पोलीस कुणाला तरी ‘मेडिकल’ करायला घेऊन यायचे. ड्युटीवरचे डॉक्टर अर्ज पुढे ओढायचे. तोंडाला वास आहे का, डोळे लाल आहेत का, बाहुल्या कशा आहेत, बोलणं स्पष्ट की अडखळतं, कपडे नीटनेटके आहेत का, सरळ रेषेत चालता येतं का, डोळे मिटून बोट नाकाला लावता येतं का. मग सही करायला लावायची आणि अक्षर बघायचं. रक्त काढायचं, तेही कातडी स्पिरिटने न पुसता, नाहीतर नमुन्यातच अल्कोहोल शिरल्याची शंका निघते. शेवटी डॉक्टरांना ठरावीक वाक्यांतलं एक लिहावं लागतं. त्यांतलं एक वाक्य मला फार विचारात पाडायचं: मद्यप्राशन केले आहे, परंतु अंमलाखाली नाही.

‘अंमल’ हा शब्द आपल्याकडे दोन्हीकडे चालतो. पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल, आणि दारूचा अंमल. ताबा कुणाचा आहे एवढंच तो विचारतो. माणूस चांगला की वाईट, हसण्याजोगा की रडण्याजोगा, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दारूबंदी कायद्यात रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम आणि मोटार वाहन कायद्यात चालकासाठी ३० मिलिग्रॅम या रेषा आखलेल्या आहेत. मला या कोरडेपणाचा आधार वाटायचा. टेबलावरची क्षमा नाही आणि रस्त्यावरची तुच्छताही नाही. फक्त एक उणीव होती. त्या अर्जात तपासलं जायचं ते एकट्या माणसाला. त्याचा अंमल आणखी कुणाकुणावर चालला होता, यासाठी रकाना नव्हता.

तो रकाना बायकांनी स्वतः काढला, मतपत्रिकेवर. महाराष्ट्रात गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायचं तर मतदान मागता येतं, आणि त्या मतदानाची चिन्हं दोन असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू द्या, आडवी म्हणजे बंद करा. नियम कडक आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीत नाव असलेल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. म्हणजे जी शेतावरून येऊ शकली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. तरीही गावोगावच्या बायकांनी बाटली आडवी केली आहे. ‘तसे’पलीकडे ज्यांना शब्द नव्हता त्यांना एक चित्र मिळालं, आणि बोट त्या चित्रावर ठेवता आलं.

बंदीनेच सगळं सुटतं असं मी मानत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तिच्यामागे तिथल्या लोकांची मोठी चळवळ होती, आणि तिचं मोल मी कमी करणार नाही. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. विषारी दारूने एकाच वेळी माणसं येतात तेव्हा वॉर्ड कसा दिसतो, ते ज्यांनी पाहिलं त्यांना दुकान आणि भट्टी यांतला फरकही कळतो. मालाडच्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये शंभराहून अधिक माणसं गेली. मिथेनॉल आधी डोळे नेतं. ‘लाइट का घालवली?’ असं विचारणारा माणूस उजेडात झोपलेला असतो. त्यासाठी कुठल्याच बैठकीत शब्द नाही.

शेवटी मला जिथे वेगळी भाषा ऐकायला मिळाली ती जागा म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा. १९३५ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिण्याने पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून ही चळवळ निघाली. आज आपल्याकडे शाळांच्या वर्गांत, चर्चच्या हॉलमध्ये, मराठीतून तिच्या सभा भरतात. काही सभा खुल्या असतात, त्यांना आम्ही परिचारिका जाऊ शकायचो. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असा त्यांचा दंडक आहे, तेव्हा कुणाची गोष्ट मी सांगणार नाही. वाक्य मात्र सगळ्यांचं एकच, आणि ते जगजाहीर आहे. प्रत्येक जण उभा राहतो, आपलं नाव सांगतो आणि म्हणतो, ‘मी अल्कोहोलिक आहे.’

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं लक्ष त्या ‘आहे’वर गेलं. बोलणाऱ्याने कितीतरी वर्षांत थेंबही घेतलेला नसतो, तरी तो ‘होतो’ म्हणत नाही. जो काळ टेबलावरच्या शब्दाला कधीच झेपला नव्हता, तो वर्तमानकाळ, प्रथमपुरुषी, भर सभेत, दिव्याच्या उजेडात. तिथले बाकीचे शब्दही इंग्रजीतूनच आले आहेत. ‘सोबर’ म्हणतात, ‘स्लिप झाली’ म्हणतात. पण यांच्याआड कुणी लपत नाही. परका शब्द आडोसा म्हणून घेतला की तो ‘टाईट’ होतो, आणि स्वतःकडे बोट दाखवायला घेतला की तोच मराठीइतका जवळचा वाटतो, हे मला त्या सभांनी शिकवलं.

आणि घरच्यांचं काय? पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तिथे व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोचाही विचार झाला. बायकांच्या गटाचं नाव ‘सहचरी’. गोल करून बसायचं आणि ‘तसे’ म्हणजे कसे ते पूर्ण वाक्यांत सांगायचं. किती वाजता आले, काय फेकलं, पोरं कुठे होती, तुम्ही काय लपवलंत. अशा गटात बोलायला बसलेली बाई सुरुवातीला ‘त्यांचं हे आपलं नेहमीचं’ इथेच अडते. शेजारची आपलं सांगते. मग हिचं निघतं. विळी कुठे ठेवली इथपर्यंत निघतं.

मी स्वतः विद्यार्थिनींना जे शिकवायचे ते याच्यातूनच आलं. अपघात विभागात रात्री बाई येते, भुवई फाटलेली, मनगट सुजलेलं. बरोबर नवरा असतो, कधी प्यायलेला, कधी उतरलेला आणि हात जोडणारा. ‘काय झालं?’ ‘मोरीत पाय घसरला.’ हे उत्तर ठरलेलं. पूर्वी ते तसंच केसपेपरवर जायचं: मोरीत पडून मार. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमाराला महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने अशा बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, तेव्हापासून आमच्यासारख्यांनाही कळायला लागलं की हा प्रश्न विचारण्याची एक पद्धत असते. नवऱ्याला औषधाच्या खिडकीवर पाठवायचं. पडदा ओढायचा. टाके घालताना, बाईच्या चेहऱ्याकडे रोखून न बघता, दुसऱ्यांदा विचारायचं. ‘कुणी मारलं?’ असं नाही. ‘ते पिऊन आले होते का?’ असं, साध्या शब्दांत, ‘घेऊन’ नाही, ‘टाईट’ नाही. आपण तो शब्द आधी उच्चारला की तिच्यावरचं नाव घेण्याचं ओझं उतरतं. पुष्कळदा ती नुसती ‘हो’ म्हणते. मग थांबायचं, घाई करायची नाही, गॉज बदलायचा, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यायचं: मारणाऱ्याचं नातं, कशाने मारलं, किती वाजता, तो प्यायलेला होता का, आणि घरी परत जायला तिला भीती वाटते का.